दुखण्याची साक्ष

पूर्वी कुणी आजारी पडले आणि आपण समाचाराला गेलो, म्हणजे खाटेशेजारी बसून पहिला प्रश्न विचारीत असू, "काय होतंय?" मग दुखणेकरी सांगू लागे. त्याला सांगायला वेळ लागे. मधेच तो थांबे, दुखऱ्या जागेवर हात ठेवी, कालचे आजचे मिसळी. आता आपण उंबऱ्यातूनच विचारतो, "रिपोर्ट काय आला?" आणि उत्तर दुखणेकरी देत नाही, त्याचा मुलगा किंवा जावई देतो. कपाटावरचे मोठे पाकीट खाली निघते, त्यातली काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली जाते, आणि घरातल्या एकालाही त्यातले काही कळत नसताना सगळे माना वर करून तिच्याकडे पाहत राहतात. ज्याच्या पाठीचे ते चित्र, तो तिकडे अंथरुणावर पडलेला असतो. त्या घटकेला त्याच्याकडे कुणाचेच लक्ष नसते.

दिवाळीच्या अंकात, चकली मोडता मोडता वाचायला हा विषय नव्हे, असे कुणी म्हणेल. पण दिवाळीतच चार घरची माणसे एकत्र जमतात, आणि फराळाच्या ताटाबरोबर कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचे 'सायनस' यांचीही ताटे मांडली जातात. तेव्हा माझ्या वाचकांना हे अगदीच परके वाटू नये.

प्रश्न असा आहे. माणूस म्हणतो, 'दुखते'. आणि चित्र म्हणते, 'काही नाही'. अशा वेळी खरे कुणाचे मानायचे? वरवर पाहता हा डॉक्टरांचा प्रश्न. पण डॉक्टर त्या माणसाला दहा मिनिटे पाहतात. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटे तो आपल्यात असतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे आपण ठरवीत असतो. म्हणून हा प्रश्न दवाखान्यातला कमी आणि माजघरातला जास्त आहे.

दुखणे दाखविता येत नाही, ते सांगावेच लागते, हे आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले असले पाहिजे. नाहीतर तिने एवढे शब्द कशाला घडविले असते? दाढ ठणकते, गळू ठसठसते, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, मान अवघडते, जखम चुरचुरते, भाजलेल्या जागी आग होते, पायाला मुंग्या येतात. डोके ठणकते तेव्हा ते जड नसते, आणि जड होते तेव्हा ते भणभणत नाही. जुने डॉक्टर या शब्दांवरून पुष्कळ काही ताडीत. कमरेत नुसती रग लागली आहे, की कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून अंगठ्यापर्यंत उतरते आहे, या दोन वाक्यांत केवढा फरक आहे! दुसऱ्या वाक्यात कण्यातून निघणारी एखादी नस दबल्याची खूण आहे, आणि ती आजही, कुठल्याही यंत्राआधी, रोग्याच्या तोंडूनच कळते.

या शब्दांवर माणसाचे भागेना, म्हणून तो आत डोकावू लागला. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्झबर्ग येथे रंटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि त्याच डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांवर तरंगणारी अंगठी! जग थक्क झाले. पण डोक्यापुढे हे किरण हतबल होते. त्यांत कवटीची सावली पडे; आतला मेंदू मात्र ज्या पाण्यात तो तरंगतो त्या पाण्यासारखाच त्यांना भासे. मग १९१८-१९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी एक युक्ती काढली. मेंदूभोवतीचे आणि मेंदूच्या पोकळ्यांतले पाणी काढून तिथे हवा भरायची. हवेची सावली फिल्मवर वेगळी उमटते. ती जिथे वाकडी दिसेल तिथे गाठ असावी, असा तर्क करायचा. तर्क बरोबर ठरत असे. पण ज्याच्या डोक्यात हवा भरली, त्याचे डोके असे काही फुटायला लागे, अशा वांत्या होत, की ती तपासणी ज्यांनी सोसली त्यांना ती जन्मभर विसरता आली नसेल. १९२७ मध्ये लिस्बनला मोनिझ यांनी मानेतल्या धमनीत औषध सोडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चित्र काढले. कण्यासाठी मज्जारज्जूभोवती तेलकट औषध सोडीत. म्हणजे दुखणे पाहायचे तर आधी दुखवावे लागे. साऱ्या पन्नास-साठ वर्षांचा हा इतिहास आहे, आणि ज्या निनावी माणसांनी तो भोगला त्यांचे नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

ही शिक्षा ज्या माणसाने मुख्यतः संपविली, त्याच्याविषयी मला विशेष ममता वाटते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचे धाकटे पोर. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. (ती माझ्यापाशीही नाही, मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. त्यामुळे अशी माणसे दिसली की मी जरा सरसावून बसते.) ईएमआय नावाच्या, ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीत ते नोकरीला होते. त्यांच्या मनात एक साधा प्रश्न घोळत होता: एखादी बंद पेटी न उघडता, तिच्यातून चोहोबाजूंनी किरण सोडून, किती किरण अलीकडून पलीकडे गेले याचा हिशेब मांडला, तर आत कुठे काय आहे हे सांगता येईल की नाही? पहिल्या प्रयोगात नुसती मापे घ्यायलाच नऊ दिवस लागले. पुढे त्यांनी जपून ठेवलेला मानवी मेंदू तपासला, मग खाटकाकडून आणलेला गुराचा मेंदू तपासला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका बाईचे डोके त्या यंत्रात ठेवले गेले. हवा नाही, सुई नाही, वांती नाही. चित्र कसले, ऐंशी गुणिले ऐंशी चौकटींचे ठोकळेच ते. पण कपाळामागे मेंदूत गाठ आहे हे त्यात दिसले, आणि शस्त्रक्रियेत ती तिथेच सापडली. हाच सिटी स्कॅन. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर चुंबकाचे यंत्र आले. आपल्या घरोघर ज्याला 'एमआरआय काढणे' म्हणतात, त्यात क्ष-किरण नसतात. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पट किंवा त्याहूनही जोरदार चुंबकात माणसाला सरकवितात. शरीरातल्या पाण्यामधले हायड्रोजनचे अणुगर्भ त्या चुंबकापुढे शिस्तीत येतात, रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर डिवचले की पुन्हा जागेवर येताना ते एक क्षीण हाक देतात. चरबीतली हाक वेगळी, मेंदूतली वेगळी, सुजलेल्या भागातली वेगळी. त्या हाकांचे चित्र बनते. आत पडलेल्या माणसाला मात्र या नाजूक हाका ऐकू येत नाहीत. त्याला ऐकू येते ती पत्र्यावर हातोडे मारल्यासारखी खडखड. लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या चित्राची रीत प्रसिद्ध केली, मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली, आणि २००३ चे नोबेल या दोघांना मिळाले. १९७७ मध्ये माणसाच्या छातीच्या एका छेदाचे चित्र काढायला डमेडियन यांना पाच तासांच्या आसपास लागले होते. त्यांना त्या पारितोषिकात वाटा नव्हता. तेव्हा त्यांच्या बाजूने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकल्या. थोरामोठ्यांचाही मानापमान आपल्या लग्नघरांतल्यापेक्षा फारसा निराळा नसतो. असो. २०२४ मध्ये फ्रान्समधील सॅकले येथे आणखी प्रचंड चुंबकाने जिवंत माणसाच्या मेंदूची चित्रे काढली. त्यांत मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा बारकावा चार मिनिटांत दिसतो.

एवढे सगळे सांगितले ते अशासाठी, की ही चित्रे कमी लेखण्याचा माझा हेतू नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पण मी शाळेत चित्रकला शिकविते, आणि चित्र म्हटले की मला काही गोष्टी दिसल्यावाचून राहत नाहीत. हाउन्सफील्ड यांच्या यंत्रात शरीराच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, कठीण हाडाला हजाराच्या आसपास. इतक्या आकड्यांच्या इतक्या राखाडी छटा डोळ्याला वेगळ्या ओळखताच येत नाहीत. म्हणून तपासणारा एक पट्टा निवडतो. मेंदू पाहायचा तर मेंदूच्या आसपासचे थोडे आकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवायचे, बाकीचे सारे एकतर ठार काळे नाहीतर पांढरे. हाड पाहायचे तर निराळा पट्टा. एकाच मापातून दोन चित्रे निघतात, आणि एकात जे ठळक दिसते ते दुसऱ्यात पुसून जाते. मुलांना मी पेन्सिलीने छायाप्रकाश शिकविते तेव्हा याहून वेगळे काय सांगते? कागदावर जे उमटले ते कुणीतरी उमटविलेले आहे, ही गोष्ट खिडकीशी फिल्म धरणारे आपण विसरतो. आपल्याला वाटते, देहाने स्वतःच सही करून दिली.

आता त्या सहीची गोष्ट. 'मला सायनस आहे' असे सांगणारी माणसे आपल्याला रोज भेटतात. खरे म्हणजे सायनस सर्वांनाच असते. ती नाकाच्या बाजूच्या हाडांतली पोकळी आहे, रोग नव्हे. सिटी स्कॅनमध्ये त्या पोकळ्या स्वच्छ दिसतात. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दुसऱ्याच कारणांसाठी डोक्याचे स्कॅन झालेल्या, सायनसची कसलीही तक्रार नसलेल्या माणसांची चित्रे तपासली. शंभरात सुमारे बेचाळीस जणांच्या पोकळ्यांत काही ना काही सूज निघाली. म्हणजे चित्रात आहे, पण माणसाला पत्ता नाही. याच्या उलट, 'आमचे डोके सायनसने दुखते' असे म्हणणाऱ्या २,९९१ माणसांची अमेरिकेत तपासणी झाली. २००४ साली तिचा निष्कर्ष आला. त्यांतल्या शंभरातल्या अठ्ठ्याऐंशी जणांचे दुखणे अर्धशिशीच्या लक्षणांशी जुळणारे होते. आणि अर्धशिशीचा तर सहसा चित्रात मागमूसही नसतो.

अर्धशिशीवरून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे तिप्पट आढळते. डोक्याला फडके करकचून बांधून, कपाळावर सुंठेचा लेप लावून अंधाऱ्या खोलीत पडलेली बाई कुठल्या घराने पाहिली नाही? आणि तिच्याविषयी स्वयंपाकघरात काय बोलतात तेही सर्वांना ठाऊक आहे. "सणाच्याच दिवशी बरं हिचं डोकं दुखतं!" या वाक्यात जो टोमणा आहे, तोच मला पुरावा वाटतो. कारण अर्धशिशी कशाने उठते? अपुऱ्या झोपेने, उपाशी राहिल्याने, उग्र वासाने, लखलखाटाने, आवाजाने, मनावरच्या ताणाने. आता नरकचतुर्दशीची पहाट डोळ्यांपुढे आणा. रात्री उशिरापर्यंत तळण, पहाटे साऱ्यांच्या आधी उठणे, साऱ्यांचे झाल्यावर खाणे, तेलाचा धूर, उटण्याउदबत्त्यांचा घमघमाट, दारात लवंगी माळा, आणि पाहुण्यांपुढे हसरे तोंड. त्या दिवशी तिचे डोके दुखले नाही तरच नवल! ती बाई गेल्याच महिन्यात जाऊन डोक्याचे चित्र काढून आलेली असते. चित्र स्वच्छ असते. घर सुटकेचा श्वास टाकते. आणि त्या दिवसापासून तिच्या दुखण्यावरचा घराचा उरलासुरला विश्वासही उडतो.

कण्याची कथा तर याहून मासलेवाईक आहे. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी अजिबात नसलेल्या ९८ माणसांच्या कमरेचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिक लोकांच्या मणक्यांमधली एखादी तरी गादी फुगलेली निघाली, शंभरात सत्तावीस जणांची गादी बाहेर डोकावत होती, आणि सगळ्या गाद्या शाबूत अशी माणसे जेमतेम छत्तीस टक्के. २०१५ साली अशा अनेक पाहण्या एकत्र केल्या तेव्हा दिसले, की काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांतही शंभरात सदतीस जणांच्या गाद्यांची झीज झालेली असते, आणि ऐंशीच्या घरात गेल्यावर शहाण्णव जणांची. म्हणजे वयाबरोबर केस पांढरे होतात तसेच हे. पण 'आपले केस पिकले आहेत' असा छापील रिपोर्ट कुणी हाती देत नाही, म्हणून पांढऱ्या केसांनी कुणी अंथरूण धरीत नाही.

आमच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांची कंबर धरली. चित्र काढले, त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या गादीविषयी दोन ओळी आल्या. दुखणे दीड महिन्यात, ते जसे बहुतेकांचे थांबते तसे, थांबले. पण त्या दोन ओळी थांबल्या नाहीत. गृहस्थ आजही वाकत नाहीत, पिशवी उचलीत नाहीत, आणि नात हात पसरून आली तर तिला कडेवर घेत नाहीत. तिच्या डोक्यावरून नुसता हात फिरवतात. त्यांना आता काही दुखत नाही. ते त्यांचे चित्र जपतात.

दुसरी गोष्ट एका शाळेतल्या शिपायांची. शाळांत असतो तसा त्यांना सगळे 'मामा' म्हणत. बाके हलविण्यात, पाण्याच्या टाक्या चढविण्यात त्यांची हयात गेली होती. पाठ इतकी दुखू लागली की घंटा द्यायला उठतानाही ते भिंतीचा आधार घेत. जिल्ह्याच्या गावी जाऊन, पदरचे पैसे मोडून त्यांनी एमआरआय काढला. वयोमानाचे किरकोळ बदल सोडले तर त्यात काही निघाले नाही. तो कागद कचेरीत गेला. "रिपोर्ट चांगला आला ना मामा!" असे जो तो म्हणू लागला. ते अभिनंदन होते, पण त्याच्या पोटात आरोप होता. हलकी कामे मिळण्याचा त्यांचा अर्ज मागे पडला, आणि पुढच्या आठवड्यात परीक्षेची बाके पुन्हा त्यांनीच लावली. दुपारी चित्रकलेच्या खोलीत येऊन ते मला म्हणाले, "बाई, काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं."

मी कादंबऱ्या लिहिते. माणसांच्या तोंडी वाक्ये घालणे हा माझा धंदाच आहे. पण असले वाक्य मला सुचले नसते. आपल्या देहात रोग निघावा अशी इच्छा एका सरळ, कष्टाळू माणसाला व्हावी, इतके त्या कागदाने त्याला एकटे पाडले होते.

यावर कुणी म्हणेल, की माणसे खोटेही बोलतात. बोलतात ना! वीस वर्षे मुलांत काढल्यावर हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. घटक चाचणीच्या दिवशी पोटात दुखते म्हणणाऱ्या पोराच्या पोटात बहुतेक वेळा काहीतरी असतेच. कधी अजीर्ण, कधी गणित. पण हिशेब करून पाहावा. खोटे बोलणाऱ्यावर विश्वास ठेवला तर एक तास बुडतो, एक रजा जास्त जाते, कुणाच्या वाट्याचे काम दुसऱ्याला पडते. हे नुकसान आहे, नाही असे नाही. संस्था चालवायची तर त्याकडे डोळेझाक करता येत नाही. खरे बोलणाऱ्यावर अविश्वास दाखविला तर काय बुडते, त्याचे माप कुठल्याच हजेरीपटात नाही. तो माणूस पुढच्या वेळी सांगतच नाही. मुले तर हे फार लवकर शिकतात. मला तरी हे दुसरे नुकसान कित्येक पटींनी मोठे वाटते, आणि फसवले जाण्याची थोडी तयारी ठेवल्यावाचून ते टळत नाही.

शास्त्रज्ञही आता निराळे बोलत नाहीत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. वेदना म्हणजे काय याची १९७९ पासूनची व्याख्या तिने २०२० मध्ये सुधारली, आणि सोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटले, की आपल्याला वेदना होते असे माणूस सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आणि ज्याला सांगता येत नाही त्याला वेदना नसेलच असेही समजू नये. त्याआधी, २०१३ साली, मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या चित्रांवरून वेदनेचा 'ठसा' ओळखण्याचा प्रयोग झाला होता. धडधाकट माणसांच्या हाताला कमीअधिक चटके देऊन, त्यांना दुखते आहे की नुसते ऊन लागते आहे, हे शंभरात नव्वदांहून अधिक वेळा ओळखता आले. पुष्कळांना वाटले, आता रोग्याला विचारायलाच नको! पण त्या चित्रात वेदना कशी दिसते, हे यंत्राला शिकविले कुणी? चटका बसलेल्या माणसांनीच. "आता किती दुखतंय?" असे त्यांना विचारले होते, त्यांनी आकडा सांगितला होता, आणि त्या आकड्यांशी चित्रे ताडून पाहिली होती. ज्याची साक्ष घेऊन मापपट्टी बनविली, त्यालाच पुढे त्या पट्टीने खोटा ठरवायचे, हा कुठला न्याय? २०१७ मध्ये त्याच संघटनेच्या अभ्यासगटाने, वेदनेची खोटी-खरी पारख करायला ही चित्रे वापरू नयेत, असा अभिप्राय दिला.

मग चित्र काढूच नये की काय? असे म्हणणे शुद्ध वेडेपणा होईल. पायातली शक्ती जाऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आणि पाठदुखी बरोबर आली, किंवा जन्मात कधी दुखले नाही असे डोके एकाएकी फुटू लागले, तर बोलत बसण्यात वेळ घालवू नये. अर्धांगाच्या झटक्यात तर चित्रावाचून गत्यंतर नाही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे बाहेरून पाहून खात्रीने सांगता येत नाही; आणि गुठळी विरघळविण्याचे औषध, जे पहिल्या साडेचार तासांतच द्यायचे असते, ते रक्तस्रावात दिले तर जीव घेईल. तिथे सिटी स्कॅनच बोलतो, आणि आपण गप्प राहावे.

पण या चित्रांची सर्वांत मोठी करामत मला दुसरीच वाटते. २००५ च्या जुलैत इंग्लंडमध्ये तेवीस वर्षांची एक तरुणी मोटारीच्या अपघातात सापडली. शुद्ध गेली, पुढे डोळे उघडले, पण कशालाही प्रतिसाद नाही. तिला आतून काही कळत नाही, असाच सर्वांचा समज होता. केंब्रिजचे एड्रियन ओवेन आणि त्यांचे सहकारी यांनी तिला एमआरआयच्या यंत्रात ठेवून सांगितले, "आपण टेनिस खेळतो आहोत अशी कल्पना कर." मग सांगितले, "आपल्या घरातून फिरते आहेस अशी कल्पना कर." आणि दोन्ही वेळा तिच्या मेंदूतले नेमके तेच भाग उजळले जे तुमच्याआमच्या मेंदूत अशा वेळी उजळतील. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा मोठी खळबळ माजली. २०२४ साली अनेक देशांतली एकत्र पाहणी आली. सूचनांना काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने, यंत्राने तपासल्यावर, सूचना पाळल्याचे दिसले. चौघांमागे एक! ज्यांच्या खाटेशेजारी उभे राहून लोक ते तिथे नाहीतच अशा थाटात बोलत असतील, त्यांतला एक.

इथेही सावध राहावे लागते. २००९ मध्ये काही अमेरिकन संशोधकांनी बाजारातला मेलेला मासा अशाच यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखविली आणि त्यांच्या मनात कोणती भावना असेल असे विचारले. हिशेबात पुरेशी काळजी न घेता पाहिले तर माशाचाही मेंदू उजळलेला दिसे! त्यांना २०१२ साली विनोदी संशोधनाचे 'इग नोबेल' मिळाले, पण थट्टेतून त्यांनी पुष्कळांचे आकडे ताळ्यावर आणले.

ओवेन यांच्या प्रयोगात मला यंत्राहून अधिक ते सांगणे महत्त्वाचे वाटते. जिला काही कळत नाही असे सगळे धरून चालले होते, तिच्याशी कुणीतरी माणसासारखे बोलले. ती ऐकत असेल असे गृहीत धरले. यंत्र तिथे नंतर आले. त्या गृहीतावाचून ते चुंबक कितीही जोरदार असते तरी त्याला एक सुजलेला मेंदू दिसला असता, आणि रिपोर्टात तसे छापून आले असते.

पुढे 'हो' म्हणायचे असेल तर टेनिस आणि 'नाही' म्हणायचे असेल तर घर, अशी खूण ठरवून एका रुग्णाला वडिलांचे नाव वगैरे सहा प्रश्न विचारले. पाचांची उत्तरे बरोबर आली, सहाव्याला उत्तरच आले नाही. हे २०१० साली प्रसिद्ध झाले. ओवेन त्यानंतर कॅनडात गेले. तिथे बारा वर्षांहून अधिक काळ अंथरुणाला खिळलेला एक पुरुष होता. इतक्या वर्षांत तो एक शब्द बोलला नव्हता. २०१२ मध्ये त्याला यंत्रात ठेवून विचारण्यासारखे पुष्कळ होते: कोणते साल चालू आहे, आपण कुठे आहोत, शास्त्राच्या उपयोगाचे कितीतरी. त्यांनी त्याला विचारले, "तुला कुठे दुखतंय का?" थोड्या वेळाने उत्तर आले: नाही.